डावा पाय

नायजेलने देवाकडे राजीनामा दिला, तेव्हा नोटीस पीरियडसुद्धा पाळला नाही. त्याआधी त्याने तीन मॅनेजर, एक जिम ट्रेनर आणि सोसायटीचा सेक्रेटरी एवढ्यांची सत्ता झुगारली होती. वरचा तेवढा उरला होता. नाताळच्या दिवशी भरल्या ताटावर त्याने जाहीर केलं, "मी कुणाच्या हुकमात राहणार नाही. त्याच्याही."

त्याची आई फेलिशिया फुगे, नाताळचे तळलेले गोल पाव, वाढत होती. तिने त्याला एक जास्त वाढला आणि म्हणाली, "बरं. कळवते त्याला."

मग नायजेल ठाण्याच्या खाडीकडचं गावठाण सोडून दिव्याला भाड्याच्या खोलीत गेला. तिथे स्वातंत्र्य चोवीस तास होतं. पाणी मात्र नव्हतं.

पवित्र गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. त्या संध्याकाळी मिस्साच्या वेळी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शेवटच्या जेवणाला आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते तसे.

"बस्त्यावकाका जिन्यावरून पडले," फेलिशिया म्हणाली. "उजव्या पायाला प्लास्टर."

"मग डावा धुवा."

"उजवाच धुतात, मेल्या. माझ्या आजीच्या वेळेपासून. तू बस त्यांच्या जागी."

"मम्मा, मी मानत नाही, माहितेय ना तुला?"

"मानायला कोण सांगतंय? बसायला सांगतेय. अकराच बसले तर फुटबॉलची टीम वाटेल. आणि पाय घासून ये. लोक मला बोलतील."

नायजेल हो म्हणाला, कारण त्याला एकदम सगळं सुचलं. फादर जवळ आले की पाय मागे घ्यायचा. भर चर्चमध्ये, सगळ्यांदेखत. घरच्या ताटावरचा राजीनामा कुणी मनावर घेतला नव्हता, हा घ्यावाच लागला असता. मग ईस्टरला येतोस का, कन्फेशनला गेलेलास का, सगळं कायमचं बंद.

पाय घासण्याचं असं, की या गावठाणात पाय धुवून घ्यायला जाणारा माणूस आधी घरी पाय धुतो. नुसते धुतो नाही, वजरीने टाचा घासतो, नखं कापतो, रात्री व्हॅसलिन लावून मोजे घालून झोपतो. यंदा एकाने नौपाड्यात जाऊन पेडिक्युअर करून घेतलं होतं. फादर चकाचक पायावर पाणी घालायचे, चकाचक पाय पुसायचे, आणि फादरांच्या टॉवेलला आजवर डाग म्हणून पडला नव्हता.

नायजेलच्या नळाला त्या दिवशीही पाणी नव्हतं. प्यायची एक बाटली उरलेली. तिच्यात एकच पाय होत होता, म्हणून त्याने उजवा धुतला. डाव्या पायावर गल्लीतला चिखल आणि बाइकच्या चेनचं ग्रीस होतं. त्यावर त्याने मोजा चढवला, वर बूट, आणि निघाला.

बारा खुर्च्या वेदीसमोर मांडलेल्या. नायजेलची शेवटची. फादर निकोलसनी शुभवर्तमान वाचलं, वरचा झगा काढला आणि कमरेला टॉवेल बांधला. हे तेच फादर, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने एके काळी अख्खं गावठाण सरळ चालायचं. नायजेलचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित लांब आहे, असा त्याचा समज होता, आणि त्याचं श्रेय तो यांनाच द्यायचा.

आता त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. तरी ते प्रत्येक खुर्चीपाशी गुडघे टेकत, पाय धूत, पुसत, त्याचं चुंबन घेत, मग दोन माणसं त्यांना धरून उठवत. अकराव्या पायावर गाणाऱ्यांचं गाणं संपलं. त्यांना वाटलेलं पुरेल. चर्च चिडीचूप झालं.

फादर नायजेलपुढे गुडघ्यावर आले. नायजेलने उजवा पाय खुर्चीखाली घेतला.

"नको, फादर."

फादरांच्या गळ्यातला माइक चालू होता. ते 'नको' चर्चभर गेलं, बाहेरच्या मंडपातल्या लोकांपर्यंतसुद्धा.

मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "याला पेत्राचं काम दिलंय वाटतं. मस्त करतो."

आत्ताच वाचलेल्या शुभवर्तमानात शिष्य पेत्र प्रभूला हेच म्हणाला होता, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. म्हणजे नायजेलचं बंड आधीच पुस्तकात होतं. त्याच्यासाठी खुर्चीसुद्धा मांडलेली होती.

"मी खरंच सांगतोय, फादर. नाटक नाही."

"माहितेय," फादर म्हणाले, आणि उठले नाहीत.

नायजेल वाट बघत होता ओरडण्याची. कान धरला असता तर काम सोपं होतं, तो ताडकन उठून चालू पडला असता. फादर नुसते होते तिथे राहिले. हातातला तांब्या त्यांनी परातीत टेकवला.

"किती वेळ थांबणार?"

"थांबतो ना."

"गुडघे दुखत असतील."

"दुखतायत."

"मग सांगा ना मला. हुकूम करा."

"हुकूमच करायचा असता," फादर धापा टाकत म्हणाले, "तर उभ्यानेच केला असता रे."

नायजेलने खाली पाहिलं. फादरांचं डोकं त्याने वरून कधी पाहिलं नव्हतं. टक्कल, त्यावर तपकिरी डाग, घाम. वर बघून भांडायची त्याला सवय होती. खाली बघून कसं भांडतात ते त्याला येत नव्हतं.

आणि तेव्हा त्याला भीती वाटली. फादर इथे कुणाच्या जागी गुडघे टेकून आहेत, हे त्याला एकदम कळलं. ज्याने आकाश केलं, खाडी केली, दिवा जंक्शनसकट सगळं केलं असं म्हणतात, तो एका बिनपाण्याच्या खोलीत राहणाऱ्या नायजेलच्या पायापाशी थांबला होता. त्याला 'नको' म्हणता येत होतं. तो ते ऐकूनही जात नव्हता. नाताळपासून नायजेल ज्याच्याशी भांडत होता तो वर बसलेला कुणीतरी होता. तिथे वर कुणी बसलेलंच नव्हतं.

त्याने डाव्या बुटाची नाडी सोडली. मोजा काढला.

पहिल्या बाकावर फेलिशियाने डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली.

फादरांनी त्या काळ्याकुट्ट पायाकडे पाहिलं. "हा?"

"हा. उजवा धुतलेलाय."

बाकीच्या अकरा जणांनी आपापले पाय किंचित मागे घेतले.

फादरांनी पाणी ओतलं. परातीत चिखल उतरला. ग्रीस काही उतरेना. फादर अंगठ्याने घासत राहिले, घोट्याभोवती, बोटांच्या मधून, घाई न करता. अख्खं चर्च मान उंच करून बघत होतं. टॉवेलवर काळा पट्टा उमटला, मग दुसरा. मग ते वाकले आणि त्या पायावर त्यांनी ओठ टेकले.

नायजेलला काहीतरी बोलायचं होतं. मानतो, असं काहीतरी. ते आलं नाही.

दोघांनी फादरांना धरून उठवलं. नायजेलला उठवायला कुणी आलं नाही, कारण तो खुर्चीत नव्हताच. तो कधी खाली उतरला हे त्यालाही कळलं नव्हतं. ओल्या पायाला फरशी गार लागत होती. त्याने गुडघे टेकले, मग हात टेकले, मग कपाळ. त्याच्याहून खाली जाता येतं का, ते तो बघत होता. येत नव्हतं.