वाळूचा घास

मित्रांनो, मी एक जुनी भक्षक पेशी आहे. डोळ्यांना दिसणार नाही एवढी लहान, पण भूक मात्र दांडगी! निघोज्याच्या एका कारखान्यात साच्यातून निघालेल्या ओतीव लोखंडावरची वाळू घासून काढणारा ज्योतीराम आहे ना, त्याच्या फुफ्फुसात मी राहते. त्याच्याच हाडांतल्या मज्जेत जन्मले, रक्तातून वाहत इथे आले आणि कामाला लागले.

काम काय, तर मरायला टेकलेल्या पेशी उचलायच्या. जाणारी पेशी मोठी गुणाची असते. आरडाओरडा न करता स्वतःला आवरून घेते आणि अंगावर एक खूण दाखवते. 'ये, मला खा,' असा तिचा अर्थ. मग मी तिला अलगद पोटात घेते, विरघळवते आणि उपयोगाचं ते सगळं पुन्हा शरीराला देते. वेळेवर उचललं नाही तर ती फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. एवढं करून आमचं कौतुक? छे! कुणाला पत्ताही नसतो. तरी मी आनंदात होते.

मग वाळूची धूळ यायला लागली.

"भावा, मास्क लाव की," शेजारच्या मशीनवरचा दिग्विजय सांगायचा.

"घुसमटतंय राव त्यात," म्हणून ज्योतीराम मास्क खुंटीलाच ठेवायचा.

त्यात त्याची बायको कस्तुरा म्हणाली, "पोरगी रांगायला लागलीय. ही माती घरात आणू नका बरं." हा भला माणूस! शिफ्ट सुटली की कारखान्यातली जोरात हवा सोडणारी नळी घ्यायचा आणि कपड्यांवर, केसांवर, मानेवर फर्रकन हवा मारून घ्यायचा. धूळ उडायची आणि नाकातून थेट आमच्याकडे यायची. घरी जाऊन म्हणायचा, "बघ, कसा चकाचक होऊन आलोय!" आणि पोरीला उचलून घ्यायचा. मला मात्र रडू यायचं.

दिसेल तो कण गिळायचा ही आमची सवय. पण वाळू पचत नाही हो! तिने आमची आतली पचवायची पिशवी फाटते आणि गिळणारी मरते. तिला शेजारीण खाते, सोबत तोच कण. मग तीही मरते. इतक्या मेल्या की उचलायला कुणी पुरेना. जिथे त्या फुटल्या तिथे निबर वण धरलेत आणि वणात हवा शिरत नाही. परवा पोरीला कडेवर घेऊन जिना चढताना ज्योतीराम मधेच टेकला.

"म्हातारे झालात की काय?" कस्तुरा हसली. तो हसायला गेला आणि खोकतच बसला.

काल तसलाच एक कण मीही गिळला. आतून नुसती आग होते आहे. अंगावर खूण उमटली आहे आणि ती मला पुसता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी अशी हवा मारून घेत असेल, तर त्याला आजच अडवा. मास्क लावायला सांगा, ओल्या फडक्याने अंग पुसून कपडे तिथेच बदलायला सांगा. झालेला वण जात नाही, पुढचा तरी थांबेल.

समोरून एक कोवळी पेशी येते आहे. कालच आली बिचारी, कामाची भारी हौस तिला. मी जीव तोडून सांगते आहे, "लांब हो गं, मला खाऊ नकोस!" तिला फक्त खूण दिसते आहे. तिने तोंड उघडलं आहे.