ऐंशीव्या मिनिटाला बाहेर

मास्तरांनी मध्यंतरातच विषय काढला. "आज तरी जाशील ना?"

"कुठे?" मी विचारलं. कुठे ते मला चांगलं ठाऊक होतं.

"बाहेर. ऐंशीव्या मिनिटाला."

हंगामातला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी आमचा क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये टिकणार होता. हरला तर खाली जाणार होता. स्कोअरबोर्डवर शून्य-शून्य होतं. म्हणजे त्या घडीला आम्ही वाचलेलो होतो, पण तसं तोंडाने म्हणायला आमच्या रांगेत सक्त मनाई होती.

एकतीस वर्षांपूर्वी माझे बाबा एका सामन्यात ऐंशीव्या मिनिटाला लघवीला गेले. क्लब एका गोलने मागे होता. तिथे ही गर्दी; बाबा हात धुवून येईपर्यंत आमचे दोन गोल झाले आणि सामना संपलाही. पुढच्या सामन्यात ऐंशीवं मिनिट लागलं तशी अख्खी रांग बाबांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "अहो, पण मला लागलेली नाही." मास्तर म्हणाले, "तरी जा." बाबा गेले, क्लब जिंकला, आणि बाबांचं कायमचं वाटोळं झालं. पुढची एकतीस वर्षं घरच्या मैदानावरचा एकही शेवट त्यांनी पाहिला नाही. अख्ख्या हंगामाचं तिकीट काढायचं आणि सामना रंगात आला की मागच्या जिन्यात जाऊन उभं राहायचं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर लोकांची जिन्यापासून सुटका करणारा माणूस स्वतः मात्र आठवड्यातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं जिन्यात काढायचा.

असं करून क्लब हरायचा नाही का? पुष्कळदा हरायचा. बाबांना अख्खी रांग भाऊ म्हणायची. तेव्हा मास्तर म्हणायचे, "भाऊ बाहेर होता म्हणून दोननेच हरलो." मास्तरांनी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. रीत नसेल तर ते पोरांचे गुण कापायचे. इथे मात्र उत्तर आधी ठरलेलं होतं आणि रीत मागाहून येत होती.

थंडीत बाबा गेले. तेव्हा क्लब चौथा होता. आई म्हणाली, "त्यांची खुर्ची रिकामी राहिलेली त्यांना खपायची नाही. तू जा. मला तिथली आरडाओरड सोसत नाही." मी ग्रंथालयात काम करते. गोंगाट मलाही सोसत नाही, पण मी गेले. त्यानंतरच्या सोळा सामन्यांत क्लब दोनदा जिंकला. शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही अकरा गोल खाल्ले. रांगेतल्या प्रत्येकाला ते अकराच्या अकरा पाठ होते, आणि कारणही. कारण त्यांच्या शेजारीच बसत होतं, पुस्तक घेऊन.

दुखवटा सहाव्या पराभवापर्यंत टिकला. सातव्या सामन्याला मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, थर्मासमधला चहा ओतता ओतता मला विचारलं, "तुझे पाय नाही का गं अवघडत? ऐंशीच्या सुमाराला?"

माझे पाय अवघडत नव्हते. माझी अडचण वेगळी होती आणि ती मी कुणाला सांगितलेली नव्हती. इस्पितळात मी चार दिवस बाबांच्या उशाशी बसून होते. चौथ्या दिवशी दुपारी चहा प्यायला खाली गेले. वीस मिनिटं. परत आले तेव्हा नर्सने पडदा ओढून घेतला होता. तेव्हापासून मी कुठूनही मधेच उठत नाही. कंटाळवाणी भाषणं आभारप्रदर्शनापर्यंत ऐकते. वाईट कादंबऱ्या शेवटच्या पानापर्यंत वाचते, आणि ग्रंथालयात वाईट कादंबऱ्यांना तोटा नसतो.

"मास्तर," मी म्हणाले, "एक माणूस जिन्यात उभा राहिल्याने मैदानातल्या चेंडूला काय फरक पडतो, हे मला तुम्हीच समजावून सांगा. तुम्ही गणिताचे."

"ते शाळेतलं गणित, पोरी. हा फुटबॉल आहे."

"मग तुम्ही का जात नाही?"

"गेलो होतो की. मार्चमध्ये. तीन गोल बसले." त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या पायात तो गुण नाही. लोकांचा पायगुण येण्यात असतो, तुझ्या बाबांचा जाण्यात होता. हे रक्तातून येतं."

"अहो, नका ना तिच्या मागे लागू," काकू म्हणाल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "तू बस गं निवांत. खाली जायचं असेल तर जाऊ. वर यायला फार तर चार-पाच वर्षं लागतील. तोवर मी असेन-नसेन, ते सोड."

काकूंची तब्येत ठणठणीत होती. सकाळी त्या पोहायला जात.

दुसरा अर्धा सुरू झाला. पाहुण्या संघाने सगळा वेळ आमच्याच अर्ध्यात मुक्काम ठोकला. आमचे बचावपटू चेंडू असा लाथाडत होते की जणू तो कुणीतरी त्यांच्या दारात आणून टाकलाय. सत्तरावं मिनिट गेलं, पंचाहत्तरावं गेलं. मी ठरवलं होतं: उठायचं नाही. आज जे काय होईल ते डोळ्यांसमोर होऊ दे.

ऐंशी झाले. मास्तर मैदानाकडे बघत राहिले. पण रांगेतल्या अकरा माणसांनी एकाच वेळी, न ठरवता, आपले गुडघे डावीकडे वळवले. खुर्च्यांपुढून एक माणूस जाईल एवढी वाट झाली. आपण काय केलं हे त्यांनाही कळलं नसावं. ते गुडघे एकतीस वर्षं या मिनिटाला वळत आले होते.

मी उठले.

मागचा जिना सिमेंटचा, अरुंद. भिंतीला वाळूची लाल बादली, वर एक लुकलुकणारी ट्यूब. तिथे कुणी नसेल असं मी धरून चालले होते. तिथे तिघं उभे होते.

"ऐंशी मिनिटं चाळीस सेकंद," घड्याळ बघत एक बाई म्हणाल्या. "उशीर." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"लिफ्टवाल्यांची मुलगी," खालच्या पायरीवरचा दणकट माणूस म्हणाला. "नाक बघा ना."

बाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांना नवऱ्याने आणि दोन मुलांनी वीस वर्षांपूर्वी वरच्या गॅलरीतून बाहेर काढलं होतं. दणकट माणूस प्लंबर होता. त्याला बारा वर्षांपूर्वी त्याच्या भावांनी. तिसरे निवृत्त पोस्टमन. त्यांना कुणीच बाहेर काढलेलं नव्हतं. ते सव्वीस वर्षं आपल्या मर्जीने येत होते.

"आमच्या रांगेत कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांना वाटतं मला प्रोस्टेटचा त्रास आहे."

"मग तुम्हाला श्रेय कोण देतं?"

"या हाताचं त्या हाताला कळू नये."

मी वाळूच्या बादलीशेजारी उभी राहिले. आमच्या रांगेला वाटत होतं, क्लब बाबांच्या एकट्याच्या जिवावर चाललाय. वरच्या गॅलरीला वाटत होतं, डॉक्टरीणबाईंच्या. बाबा हे सगळं जाणून होते आणि घरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"त्यांना हसू नाही यायचं?" मी विचारलं.

"यायचं की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते म्हणायचे, लिफ्टला चार दोर असतात. पेलायला एक पुरतो. पण हे दोरांना सांगायचं नसतं."

वर एकदम हलकल्लोळ झाला. तिघांनी माना वर केल्या.

"फ्रीकिक," प्लंबर म्हणाला.

"छे, कुणीतरी पडलंय," पोस्टमन म्हणाले. "तुझ्या बाबांना बरोबर ओळखू यायचं. हा कॉर्नर, हा ऑफसाइड, हा रेफरीच्या मातोश्रींचा उद्धार. ते गेल्यापासून आमचं अर्धं चुकतं. गेल्या महिन्यात आम्ही इथे मिठ्या मारल्या आणि तो गोल त्यांचा होता."

मीही कान देऊन ऐकायला लागले. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. आवाज वर चढायचा, खाली यायचा, त्यातून काही समजायचं नाही. मग सत्त्याऐंशीव्या मिनिटाला तो साफ थांबला. हजारो माणसं वर बसलेली आणि शिंकसुद्धा नाही. दाराच्या पलीकडे काहीतरी चाललंय आणि आपण बाहेर उभे आहोत, हे मला पुन्हा जमणार नव्हतं. मी वर निघाले.

"कुठे?"

"बघून येते."

"बघून?" तिघंही एकदम म्हणाले. मी भरल्या वर्गात सिगरेट पेटवली असती तरी याहून बरा चेहरा त्यांनी केला असता.

मी शेवटच्या पायरीवर पोचले, मैदान दिसलं, आणि गोल झाला. आमच्यावर. अगदी त्याच क्षणी; मास्तरांनासुद्धा याहून चोख पुरावा मिळाला नसता. मी खाली पळाले नाही. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून शेवटची शिट्टी होईपर्यंत सगळं पाहिलं. क्लब खाली गेला. मग मी तिघांकडे गेले.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मी पाहिलं."

"काहीतरीच," पोस्टमन म्हणाले. "माझ्यामुळे. मी मघाशी मनातल्या मनात म्हटलं, वाचलो."

"मनातलं धरत नाहीत," प्लंबर म्हणाला. "मी काल नवे बूट घेतले. बायको म्हणत होती, एक दिवस थांब. हे बघा." त्याने पाय पुढे केला. बूट खरंच नवे होते.

"बुटांचं काय घेऊन बसलात?" डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "पंच्याऐंशीव्या मिनिटाला मी मोबाइलवर स्कोअर बघितला."

प्लंबरने पुढे केलेला पाय मागे घेतला.

"बाई, तुम्ही?" पोस्टमन म्हणाले. "शिकल्यासवरलेल्या तुम्ही?"

"वीस वर्षांत पहिल्यांदाच."

"तरी मनात म्हणणं पहिलं," पोस्टमन हट्टाने म्हणाले. "माझं ब्याऐंशीव्यालाच म्हणून झालं होतं."

"बूट कालचे आहेत," प्लंबर म्हणाला.

"पण मी गोलाच्या वेळी वर होते," मी म्हणाले.

"तू आज आलीस," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "इथे सव्वीस-सव्वीस वर्षांची माणसं उभी आहेत. तुझा नंबर चौथा."

मला हसू फुटलं. मी तोंडावर हात धरला, पण ते हसू बराच वेळ आवरेना, आणि शेवटी शेवटी ते हसू राहिलं नाही. तिघांनी शिस्तीत भिंतीकडे तोंडं केली. प्लंबरने खिशातून फडकं काढलं, पाहिलं, पुन्हा खिशात ठेवलं.

"बाबा गेले तेव्हाही मी बाहेर होते," मी म्हणाले. "चहाला."

"स्वतःहून गेली होतीस?" पोस्टमननी भिंतीकडे बघतच विचारलं.

"नाही. बाबाच म्हणाले, जा, चहा पिऊन ये. मी म्हटलं, नकोय मला. तर म्हणाले, तरी जा."

तिघंही वळले. एकमेकांकडे बघितलं.

"तरी जा म्हणाले?" प्लंबरने विचारलं.

"हो."

"अगं, मग तुला पाठवली त्यांनी," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "शेवटी शेवटी कुणीतरी बाहेर जावं लागतं, असं मानणारा माणूस. त्याला स्वतःला उठता येत नव्हतं. मग आणखी कुणाला पाठवणार?"

हे मला पाच महिन्यांत सुचलं नव्हतं. त्यांना माझ्या चहाची काळजी वाटली, एवढंच मी धरून चालले होते, आणि त्या काळजीनेच मला जास्त छळलं होतं.

"पण उपयोग झाला नाही," मी म्हणाले.

"कधी होतो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वरून माणसं उतरायला लागली होती, पण पुढच्या जिन्याने. इकडे कुणी येत नव्हतं. प्लंबर नव्या बुटांची पर्वा न करता पायरीवर बसला. पोस्टमन जायला निघाले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"एक विचारू? तू शिट्टी होईपर्यंत तिथेच होतीस?"

"हो."

"म्हणजे शेवट पाहिलास."

"पाहिला."

ते दोन पायऱ्या पुन्हा चढून आले. "कसा असतो?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या तिघांच्या मिळून अठ्ठावन्न वर्षांत एकानेही घरच्या मैदानावर सामना संपताना पाहिलेला नव्हता.

"गोल झाल्यावर आपल्या गोलकीपरने चेंडू स्वतः जाळ्यातून काढला," मी म्हणाले, "आणि काखेत मारून मध्यरेषेपर्यंत पळत नेला."

"तो? तो पळतो?"

"पळाला. मग शेवटच्या मिनिटाला आपल्याला कॉर्नर मिळाला, तेव्हा तो आपला गोल उघडा टाकून पुढे गेला. सगळ्यांच्यात उभा राहिला. चेंडू त्याच्याच डोक्यावर आला."

"अरे देवा," प्लंबर म्हणाला.

"बारवरून गेला. एवढासा." मी बोटांनी दाखवलं. "मग शिट्टी झाली आणि आपली माणसं जिथल्या तिथे खाली बसली. कुणी ओरडलं नाही."

"आम्हाला वाटलं वीज गेली," पोस्टमन म्हणाले.

"मग वरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली."

"हरल्यावर?"

"हरल्यावर. थोड्याच. मग खेळाडू उठले, त्यांनी हात वर केला आणि आत गेले."

डॉक्टरीणबाई कठड्याला टेकून ऐकत होत्या. "गोलकीपर पुढे आला होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घरी मेल्यांनी कधी सांगितलं नाही असलं काही असतं म्हणून."

"उंच उडाला होता का?" पोस्टमननी विचारलं.

"सगळ्यांच्या वर."

ते प्लंबरशेजारी टेकले, टोपी मांडीवर ठेवली. "पुन्हा सांग," ते म्हणाले. "कॉर्नरपासून."