घटातले टोमॅटो

गाझियाबादच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये बी रुजत घालायला सुरक्षित जागाच नाही, अशी राजाभाऊंची पक्की खात्री झाली होती. बाल्कनीत कबुतरं कोंब टिपायची. म्हणून ट्रे घरात आणावा, तर त्यांची बायको नीला तो फ्रिजवरून खिडकीत, खिडकीतून वॉशिंग मशीनवर हलवत राहायची. गेल्या वर्षी नवरात्राच्या साफसफाईत तो पार उलटा झाला. त्यावरून दोघांचं असं वाजलं, की शेजारच्या भल्ला आंटी विरजण मागायच्या निमित्तानं येऊन सगळं ऐकून गेल्या.

यंदा मात्र चूक परवडणारी नव्हती. कऱ्हाडच्या तानूमावशीनं आपल्या परसातल्या बुटक्या, आंबट टोमॅटोचं चिमूटभर बी पाठवलं होतं. मावशीचे गुडघे गेले, परस बंद झालं, पुन्हा बी मिळायचं नव्हतं. सरकारी नोकरीची सगळी वर्षं राजाभाऊंनी दिल्लीच्या गुळमट टोमॅटोंचं सार नाक मुरडत प्यायलं होतं. खरं सार आता त्या पुडीत होतं.

घटस्थापनेच्या सकाळी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हलवत नाही. नीलानं यंदा परडीही मोठी आणली होती आणि माती स्वतः चाळून घेतली होती. ती नैवेद्याचं बघायला आत गेली, तशी राजाभाऊंनी देवीची मनोमन माफी मागितली आणि गहू-ज्वारीच्या कडेनं बी टोचून दिलं.

मग त्यांची भक्ती उतू जाऊ लागली. चहाच्या आधी घटाचं दर्शन, जेवणानंतर पुन्हा दर्शन. गव्हाचे कोंब उंच झाले आणि त्यांच्या आडोशाला दोन-दोन पानांची राजाभाऊंची बाळं वर आली. नीलानं विचारलंच तर मूग म्हणून सांगायचं ठरलं होतं, पण तिनं विचारलं नाही. पलीकडच्या कडेलाही काही अनोळखी कोंब होते. तण असेल, असं म्हणून राजाभाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ते साफ विसरले होते. दसऱ्याला घटाचे कोंब उपटून वाटतात, बायका अंबाड्यात खोवतात, पुरुष टोपीत.

दसऱ्याला महाराष्ट्र मंडळाच्या वीणाताई आल्या, भल्ला आंटीही आल्या. नीलानं घट हलवला आणि कोंब उपटायला घेतले. गहू गेला, ज्वारी गेली. तिची बोटं कडेला पोचली तसे राजाभाऊ पुढे सरकले. देवीसमोर, बायकोसमोर आणि मुख्य म्हणजे भल्ला आंटींसमोर कबूल करायचं, नाहीतर तानूमावशीचं सार वीणाताईंच्या अंबाड्यात जाताना बघायचं.

"तेवढे राहू दे," ते म्हणाले. "ते टोमॅटो आहेत. मीच लावलेत."

वीणाताईंनी हात जोडले ते तसेच राहिले. भल्ला आंटी सोफ्यावर सरसावून बसल्या.

"माहीत आहे," नीला शांतपणे म्हणाली. "टोमॅटोचं रोप मला ओळखता येत नाही का? म्हणून तर रोज पाणी बेतानं घालत होते."

राजाभाऊंना इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. आजच्या आज रोपं कुंडीत लावून टाकू, असं म्हणत त्यांनी परडी उचलायला हात पुढे केला.

"थांबा," नीला म्हणाली. "पलीकडचा माझा चुका आहे. नाशिकहून ताईनं बी पाठवलंय. गेल्या वर्षीचा तुमच्या झारीनं वाहून गेला. यंदा म्हटलं, तुम्ही हात लावणार नाही अशी घरात एकच जागा आहे."