नेटवाल्यांची तिसरी नोटीस

इंटरनेट कंपनीची तिसरी नोटीस आली तेव्हा मी क्लासच्या बायकांना स्क्रीनवर बाही लावून दाखवत होते. तोंडात टाचण्या, म्हणून ओरडता आलं नाही. म्हणे तुमच्या कनेक्शनवरून चोरीचे सिनेमे वाटले जातात, आठवड्यात नेट तोडू. अरे वा! आमच्या ह्यांच्या शाळेत पेन्शन नव्हती, घर चालतं ते माझ्या शिवणाच्या क्लासवर. नेट गेलं की चूल थंड. आणि सिनेमे? मला तर मध्यंतराच्या आधीच झोप लागते.

म्हणजे उरले आमचे हे. निवृत्त हेडमास्तर. जन्मभर परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळले, आणि आता भिंतीकडे बघत मला सांगतात, "जुने सिनेमे आहेत गं, कुठे मिळत नाहीत. आपण उतरवून घेताना ते आपोआप पुढे दुसऱ्यांनाही जातात. वाटून खाल्लं तर चोरी कशी?"

"वाटून खाताय ते ताट कोणाचं?"

"तू दिवसभर त्या बायकांशी बोलतेस. मी कोणाशी बोलू?"

राग मात्र तस्साच. चप्पल पायात सरकवली आणि तडक कंपनीचं ऑफिस गाठलं.

काचेपलीकडचा साहेब गोडबोल्या होता. "मॅडम, कोण काय उतरवतं ते आम्ही बघत नाही. आम्ही फक्त वाट देतो. कायदा आम्हाला हात लावत नाही."

"मग मीही घरात वाटच देते की! मला कशाला धरता?"

"पण पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्या ग्राहकाला तोडलं, तरच कायदा आम्हाला सोडतो."

"बरं, मी ह्यांना तोडते. आजच पासवर्ड बदलते. झालं समाधान?"

"नाही ना! आमच्या कॉम्प्युटरच्या लेखी तुमचे मिस्टर नाहीतच. त्यांना तोडायचं तर आधी ते ग्राहक व्हायला हवेत."

मी कपाळाला हात लावला. साहेबानं इकडेतिकडे बघितलं आणि खणातून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढलं. "मिस्टरांच्या नावावर वेगळं कनेक्शन घ्या. दोष त्यांचा असं लिहून द्या, तुमच्यावरची तक्रार मी मिटवतो. त्यांचं खातं नवीन, म्हणजे पाटी कोरी. नोटिसा पहिल्यापासून सुरू."

"आणि त्यांनी पुन्हा सिनेमे उतरवले तर?"

"मग हा वरचा प्लॅन घ्या," साहेब उत्साहानं म्हणाला, "जड फायलींना एकदम छान!"

चोर पकडायला बसलेला माणूस चोराला मोठी पिशवी विकत होता. पण क्लास वाचत होता, मी मुकाट्यानं कागद घरी आणले. ह्यांनी चष्मा न लावताच सही ठोकली.

आता ह्या खोलीत माझी तार, त्या खोलीत ह्यांची. कानांवर हेडफोन चढवून, दार लावून बसतात. हाक मारून घसा कोरडा पडतो, म्हणून जेवायला बोलवायचं तर मेसेज करते. "आलोच" असं उत्तर झटकन येतं, त्यांचं नेट माझ्यापेक्षा फास्ट आहे ना. हे मात्र येत नाहीत. मग मी एकटीच जेवून घेते आणि त्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घालते.