तिसरं कोटेशन

जव्हारात कुणालाही विचारा, गुलामचाचा सुतार म्हणून कसे? लोक सांगतील, एक नंबर. मग विचारा, शाळांच्या मंडळाचं फर्निचर त्यांनी कधी केलंय का? तर हसतील आणि म्हणतील, छे हो, चाचांचं तिथं तिसरं कोटेशन असतं.

आता तिसरं कोटेशन म्हणजे काय, ते आधी ऐकून घ्या. गावातल्या शाळांचा कारभार बघायला एक मंडळ आहे. बाक, कपाटं, घंटा, खडू, जे लागेल ते मंडळ विकत घेतं. नियम असा की तीन ठिकाणचे दर मागवायचे आणि ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचं. नियमात खोट नाही. पण ज्यानं तो केला त्यानं जव्हारचा बाजार बघितला नसावा. इथं शाळेचे बाक विकणारी दुकानं मोजून दोन, एक हरेशशेटचं आणि दुसरं हरेशशेटच्या मेहुण्याचं. तिसरं काय आभाळातून आणायचं? म्हणून अठरा वर्षांपूर्वी मंडळाचे कारकून हेमंतराव चाचांच्या दुकानात आले आणि म्हणाले, "चाचा, एक सही द्या. बाकी तुम्हाला काही ताप नाही."

आकडा हेमंतरावांनीच टाकला, सगळ्यांच्या वरचा. चाचांनी सही केली, चहा झाला, हेमंतराव गेले. तेव्हापासून दर फेब्रुवारीत हेच. काम हरेशशेटला, सही चाचांची. हरेशशेट माणूस वाईट नव्हता. ईदला न चुकता मिठाईचा पुडा पाठवायचा.

पण चाचांच्या मनात एक गोष्ट सलत होती. हरेशशेटचे बाक लोखंडी, दीड फूट उंच, पहिलीलाही तेच आणि सातवीलाही तेच. पहिलीच्या पोरांचे पाय जमिनीला लागायचेच नाहीत. लोंबते पाय गप्प कसे बसतील? दिवसभर खालच्या दांडीवर टाचा आपटायच्या, टक टक टक. दिवाळीपर्यंत नटबोल्ट गळून पडायचे, बाक डुगडुगायचे, आणि मग शाळेतून निरोप यायचा, "चाचा, जरा बघून जा." चाचा जायचे. पदरचे बोल्ट घालून बाक नीट करायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत, कारण स्वतः चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकले होते. पहिलीसाठी लाकडाचे, फूटभर उंचीचे बाक करावेत आणि पोरांचे पाय टेकावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. एकदा हेमंतरावांना बोलूनही बघितलं.

"चाचा," हेमंतराव म्हणाले, "तुमचं तिसरं कोटेशन. तिसऱ्यानं बोलायचं नसतं."

चाचा पुन्हा बोलले नाहीत. फक्त घरी अमीरबीला सांगायचे, आणि अमीरबी म्हणायची, "भिंतीला सांगा, ती तरी ऐकेल."

या डिसेंबरात हेमंतराव निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मंजुषा आली. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची पोर, परीक्षा देऊन लागलेली. तिला रीत माहीत नव्हती, नियम तेवढे पाठ होते. फेब्रुवारीत तिनं निरोप पाठवला, पहिली-दुसरीसाठी चाळीस बाक, कोटेशन द्या. चाचा सवयीनं गेले आणि सही करायला पेन काढलं, तर कागद कोरा.

"आकडा?" चाचांनी विचारलं.

"तुमचा टाका ना, चाचा."

"माझा म्हणजे किती?"

"तुम्हाला परवडेल तो," मंजुषा म्हणाली. "मी कशी सांगणार?"

अठरा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कागद घरी आणून ते जेवणही विसरले. लाकूड किती, खिळे किती, सरस, पॉलिश, टेम्पो, एकेक रकाना बोट ठेवून भरला. सगळ्यात खाली, कुणी विचारलेलं नसताना, आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: बसायची उंची एक फूट. पोरांचे पाय टेकले पाहिजेत. मग पाकीट चिकटवलं आणि मनातल्या मनात म्हणाले, चला, या वर्षीचं तिसरंही झालं.

शुक्रवारी पाकिटं फुटली. दुपारी मंजुषाचा फोन आला, "चाचा, तुमचा दर सगळ्यात कमी आहे. मंगळवारच्या सभेत तुमचं नाव जाईल."

चाचांच्या हातातला रंधा थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं. तसेच उठले आणि अंगावरच्या भुशासकट मंडळात पोचले.

"बेटी, काहीतरी गफलत झालीय. मी तिसरा आहे. मला तिसरा कर."

मंजुषाला हसू आवरेना, पण तिनं कागद पुन्हा काढला. एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवली आणि एके ठिकाणी थांबली.

"चाचा, मजुरीचा रकाना रिकामा आहे."

"तो हेमंतराव भरायचे."

"तुम्ही का नाही भरला?"

खरं सांगायचं तर त्या रकान्यात काय लिहायचं हे चाचांना सुचलंच नव्हतं. लाकडाला भाव असतो, खिळ्याला भाव असतो. शाळेच्या कामात आपल्या हातालाही भाव असतो ही गोष्ट इतक्या वर्षांत डोक्यात आलीच नव्हती.

मंजुषानं पेन्सिल खाली ठेवली. "ऐका. रकाना रिकामा असला तर कोटेशन अपुरं धरतात. मग दोन वाटा आहेत. एक, तुम्ही लिहून द्या की मजुरी शून्य. मग काम तुमचं, मंगळवारीच पक्कं. नाहीतर मी अपुरं म्हणून शेरा मारते. तीन पुरी कोटेशनं नसली तर सगळ्यांचंच रद्द होतं, फेर मागवावं लागेल. तेव्हा काम तुम्हालाच मिळेल असं मी सांगू शकत नाही. मंगळवारी सभेत काय ते सांगा."

चाचा घरी आले ते ठरवूनच. शून्य तर शून्य. अठरा वर्षांनी बाक हाताशी आलेत, आता मजुरीपायी घालवायचे? त्यांनी हे अमीरबीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"शून्य? लिहा की! माझ्या कपाळावर लिहा म्हणजे येणारा-जाणाराही वाचेल."

"अगं, शाळेचं काम आहे..."

"शाळेचं आहे म्हणूनच! चाळीस बाकांना काचपेपर कोण मारणार? मी. माझी बोटं बघा." तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती. "हे शून्य? आणि मोखाड्याचा तुका येणार ना जोडीला, त्याला काय सांगणार? बाबा रे, सरकारी कागदावर तुझी मजुरी शून्य लिहिलीय, तीन महिने हवा खाऊन राहा?"

"मिळणार नाही गं पुन्हा," चाचा हळूच म्हणाले. "हरेशशेटचाच दर कमी येणार. मग पोरांचे पाय..."

अमीरबीचा राग तिथंच विरघळला. या माणसाला काय हवं आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही ती म्हणाली, "पाय टेकू देत. पण तुमच्या हातांना खोटं पाडून नको."

मंगळवारी सभेला सगळे होते. अध्यक्ष पुष्पाताई बाई प्रेमळ, पण मंडळाचा एक रुपया वाचला तरी त्यांना घरचा वाचल्यासारखं वाटायचं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चाचा, द्या की शून्य लिहून. लेकरांचं काम आहे, पुण्याचं काम."

सदस्यांनी माना डोलावल्या. मंजुषानं कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. तिनं मान वर केली नाही.

चाचांनी पेन उचललं. एक गोल काढला की झालं. पेन कागदावर टेकलं आणि त्यांना अमीरबीची बोटं आठवली.

"ताई," ते म्हणाले, "पुण्य मी दरवर्षी करतो. दिवाळीनंतर पिशवीभर बोल्ट घेऊन येतो, हेडसरांना विचारा. ते फुकटच राहील. पण हे शून्य नको. रद्द करा."

पुष्पाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "रद्द. फेर मागवा."

चाचा पायऱ्या उतरले. आपल्या हातानं आपण बाक घालवले. एस.टी. डेपोपर्यंत चालत गेले, कुठल्याही गाडीत बसायचं नव्हतं तरी तिथल्या बाकड्यावर जरा वेळ बसले, आणि मग घरी आले.

इकडे मंजुषा फेरमागणीचं पत्र लिहायला बसली. चाचांच्या कागदावरची ती शेवटची ओळ तिच्या मनातून जाईना. ती स्वतः आश्रमशाळेत जमिनीवर बसून शिकलेली, बाक उंच असू शकतो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन पहिलीच्या वर्गात गेली आणि दारात उभी राहिली. टक टक टक. साखरशेतहून मामाकडे शिकायला आलेली चैती नावाची एवढीशी मुलगी मागच्या बाकावर होती. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर, आणि खाली सरकू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली. मग ती लिहिणार कशानं? मंजुषा परत आली आणि पत्रात एक ओळ वाढवली: बसण्याची उंची एक फूट. ते पत्र तिघांनाही गेलं, शब्दानं शब्द तेच.

या वेळी चाचांनी मजुरीचा रकाना सगळ्यात आधी भरला. आकडा अमीरबीनं सांगितला. चाचा म्हणाले, जास्त होतो. ती म्हणाली, रास्त होतो. तोच लिहिला.

पुन्हा सभा, पुन्हा पाकिटं. मंजुषा एकेक दर वाचत गेली. मेहुणा तिसरा. गुलामचाचा दुसरे. हरेशशेट पहिला, थोडक्यानं, पण पहिला. दाराशी उभ्या असलेल्या चाचांनी मान खाली घातली. चला, निदान एक पायरी वर सरकलो, असं स्वतःला म्हणून बघितलं, पण त्यानं काही मनाची समजूत पटेना. ते निघायला वळले.

"थांबा चाचा, वाचून व्हायचंय," मंजुषा म्हणाली. "हरेशशेट, उंची किती लिहिलीय तुम्ही?"

"दरवर्षीचीच," हरेशशेट म्हणाला.

"दीड फूट. पत्रात एक फूट मागितलं होतं. आणि तुमच्या मेहुण्यांच्या कागदावरही दीड."

हरेशशेटनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! मागच्याच वर्षीची झेरॉक्स लागली की! तारीख तेवढी बदलली दुकानातल्या पोरीनं." आणि मग स्वतःच असा खदखदून हसला की पुष्पाताईंनाही हसू फुटलं. अठरा वर्षांत पत्र वाचायची वेळच कुणावर आली नव्हती, तर या वेळी कशाला कोण वाचतंय?

कागद तिन्ही पुरे होते, पण पत्रातली उंची एकट्या चाचांच्याच कागदावर होती. पुष्पाताईंनी काम चाचांना द्यायचा ठराव सांगितला आणि मंजुषानं तो स्वच्छ अक्षरात लिहून घेतला. चाचांनी सही केली. आजवर त्या फायलीत त्यांच्या अठरा सह्या होत्या, पण काम मिळाल्याची ही पहिलीच.

तीन महिने दुकानात भुशाचा डोंगर. तुका मोखाड्याहून आला तो दर आठवड्याची मजुरी हातात घेऊनच राहिला. अमीरबी काचपेपर मारता मारता प्रत्येक फळीवरून तळवा फिरवायची, कुठं कुसळ नको म्हणून. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शेवटचा टेम्पो गेला.

शाळा उघडली त्या दिवशी चाचा हळूच पहिलीच्या वर्गापाशी गेले. बाई फळ्यावर लिहिता लिहिता थांबल्या, मागे वळल्या, पुन्हा लिहायला लागल्या, पुन्हा थांबल्या.

"चाचा, बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. काय ते कळत नाही."

चाचांना कळलं होतं. टकटक नव्हती. ते गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बाकांच्या खालून शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं. इवले इवले पाय, काही चपलेतले, काही अनवाणी, सगळे जमिनीवर. जी पोरगी मागच्या वर्षी फळी धरून बसायची, ती चैती आता दुसरीच्या वर्गात, पलीकडच्या खोलीत, एका हातानं वही दाबून दुसऱ्या हातानं लिहीत होती. चाचा सरळ उभे राहिले. बाईंना काही न सांगता ते बाहेर पडले.

फाटकात हरेशशेट भेटला. "चाचा, पुढच्या वर्षी लोखंडी कपाटं निघतायत. ती काही तुम्ही करणार नाही. तिसरं कोटेशन द्याल ना?"

"देईन की," चाचा म्हणाले. "पण आकडा माझा मी लिहीन."

घरी आले ते गुणगुणतच. चप्पल एक दारात, एक अंगणात. चहाचा कप त्यांनी हातात घेतला, न पिताच खाली ठेवला, उठले, खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा उठले. अमीरबी सगळं बघत होती.

"झालं ना मनासारखं?" तिनं विचारलं. "पोरांचे पाय टेकले जमिनीला?"

"सगळ्यांचे टेकले गं. एकूण एक."

"मग आता," ती हसत म्हणाली, "जरा तुमचेही टेकवा. चहा गार होतोय."