माळेचा गुण

माझ्या नवऱ्याचं पोट चार वर्षांपासून दुखतंय, आणि चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यावर औषध माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. कुणी ओवा सांगतं, कुणी नवस. दारू सोड म्हणणारे तर पैशाला पासरी. ह्यांनी जन्मात थेंब घेतला नाही, पण स्वादुपिंडाचं दुखणं म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात. मला त्या लोकांचा फार राग येतो.

स्वादुपिंड म्हणजे जठरामागची ग्रंथी. तिच्या मधल्या नळीत खडे झाले होते. दुर्बिणीतून दोनदा बारीक प्लास्टिकची नळी घातली, दोनदा ती चोंदली. दिवाळीत स्कॅन काढून जळगावचे सर्जन म्हणाले, आता ऑपरेशनच. त्यांनी कागदावर चित्र काढलं. ग्रंथीची नळी लांबीत उघडायची, खडे काढायचे आणि आतड्याचा वेढा वर आणून तिला शिवायचा, म्हणजे रस थेट आतड्यात उतरेल.

माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ जीवरामनाना, केळी पिकवतात. त्यांनी विचारलं, "ठिबकची नळी चोंदली की आम्ही ॲसिड सोडतो साहेब. तसं काही नाही का?"

डॉक्टर हसले. नाना हसले नाहीत, त्यांनी खरंच विचारलं होतं. मग घरात 'केळी निघू दे, मग बघू' असं म्हणता म्हणता ज्येष्ठ उजाडला.

तेवढ्यात माझा भाऊ भूषण आम्हाला धुळ्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी नवा स्कॅन काढला आणि चित्रही निराळंच काढलं. ग्रंथीचा उजवीकडचा भाग सुजलाय, तो आतून कोरून काढायचा, आणि मग उरलेली नळी उघडून आतड्याला जोडायची. चित्र संपल्यावर त्यांनी ह्यांना विचारलं, "मध्ये कावीळ झाली होती का?"

"नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. हे पुन्हा नाही म्हणाले. मी फरशीकडे बघत बसले.

झाली होती. फाल्गुनात ह्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी त्यांना माझ्या माहेरी शिंदखेड्याला नेलं. तिथल्या धुरपदाबाईंनी काविळीची माळ गळ्यात घातली. माळ दिवसेंदिवस लांबत गेली, डोळे पांढरे झाले. निघताना धुरपदाबाई म्हणाल्या होत्या, "कोनले सांगू नका. सांगं का गुन गया." झाडपाल्याच्या औषधाचा आमच्याकडे हाच नियम. म्हणून हे बोलले नाहीत, मी बोलले नाही. नानांनाही ठाऊक नव्हतं.

घरी दोन्ही चित्रं खाटेवर शेजारी ठेवली. पोट एक आणि चित्रं दोन, हे मला काही उमगेना. एक डॉक्टर चुकतोय म्हणावं तर कोण? भूषण फोनवर म्हणाला, "ताई, माले धुळानं पटस." नाना म्हणाले, "जठे कमी कापतस तठे जाऊत. आनि धुळाना कागद तठे दखाडू नका, डाक्टरले राग येस." मी ह्यांनाच विचारलं. हे पोटाशी उशी दाबून, गुडघ्यांवर वाकून बसले होते.

"तूच सांग," हे म्हणाले. "माले फक्त दुखनं थांबाले जोयजे."

मला रडू आलं, आणि ह्यांचा रागही आला. पोट तुमचं, आणि सांगू मी?

शेवटी नानांचं चाललं. जळगावला भरती झालो. सर्जन स्वतः खाटेशी बसून फॉर्म भरत होते. साखर? नाही. दमा? नाही. कावीळ?

"नाही," हे म्हणाले.

पेन कागदावर टेकलं. मनात आलं, मी बोलले तर माळेचा गुण जाईल आणि ह्यांच्या जिवाचं काही झालं तर ते माझ्या माथी. पण नाही बोलले आणि ती सूज आत तशीच राहिली तर? नाना शेजारी उभे. लग्नाच्या चौदा वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाज काढलेला नाही. पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "झाली होती. फाल्गुनात." मग पिशवीतून धुळ्याचे कागद काढून खाटेवर ठेवले.

डॉक्टरांना कागदांचा राग आला नाही. राग आला तो काविळीचा. "हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी धुळ्याच्या स्कॅनची फिल्म खिडकीशी धरून दोनदा बघितली. "माझं चित्र दिवाळीच्या स्कॅनवरचं. आता सूज पित्ताची वाट दाबतेय. नुसती नळी उघडली असती, तर कावीळ पुन्हा आली असती. धुळ्याच्या बाई बरोबर आहेत." सूज साधीच आहे, कर्करोगाची नाही ना, हे आधी तपासायचं, मग पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.

"मग दुखणं जाईल ना?" मी विचारलं.

"बहुतेकांचं कमी होतं. सगळ्यांचं नाही. साखर वाढू शकते."

चित्र एकच उरलं, तरी माझ्या डोक्यातला गोंधळ काही गेला नाही.

व्हरांड्यात नाना एवढंच म्हणाले, "माले बी सांगं नही." त्याचं मला फार वाईट वाटलं. मी आत आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"आते गुन गया," हे म्हणाले.

"गुन राहता ते आपन आठे दवाखानामा राहतूत का?" मी फटकन बोलले. बोलले खरी, पण आतून मलाही खात्री नव्हती.

ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. तरी रोज सकाळी हे जागे झाले की आधी त्यांची पापणी खाली ओढून बघते. आज डोळा किंचित पिवळा वाटला. नर्सताई म्हणाल्या, ट्यूबलाइटमुळे तसं दिसतं. मी ह्यांना धरून खिडकीशी नेलं, उजेडात तोंड वर करायला लावलं आणि पुन्हा बघितलं. पिवळाच होता. सूज पित्ताची वाट दाबतेय, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. हे मात्र उजेडाकडे नाही, माझ्याकडेच बघत होते, माळेचा गुण मीच घालवल्यासारखे.