गाठोड्यातली शेवटची चूक

युनिक्सचा प्रोग्राम डॉसवर आणायचा म्हणजे खायचं काम नाही, महाराजा! दोन्ही संगणक चालवणाऱ्या प्रणाली, पण युनिक्स मागाल ते हातात देतं. डॉस म्हणजे एकलकोंडा म्हातारा, एका वेळी एकच काम करणार आणि वर कुरकुरणार. वेळणेश्वरच्या हरिश्चंद्राला हा म्हातारा बरा कळायचा. बँकेच्या संगणक खात्यातून तो निवृत्त झाला, बायको गेली, मुलगी दुबईत. घरात बोलायला होतं कोण? भिंती!

म्हणून खेडच्या केरूचा पहिला फोन आला तेव्हा त्याला कोण आनंद झाला. केरू नमनातला, म्हणजे कोकणातल्या नमन-खेळ्यांतला गायक. आयुष्यभर गोळा केलेले गण, गवळणी त्याने एका जुन्या डॉसच्या संगणकात साठवल्या होत्या. मूळ कागद वाळवीने कधीच फस्त केले होते, आणि आता संगणकही आचके देत होता. मुंबईतला भाचा ओमकार युनिक्सवाला. गाणी त्याच्याकडे पाठवायची, तर अनेक फायलींचं एक गाठोडं बांधणारा तिकडचा प्रोग्राम डॉसवर चालवून द्याल का, असं केरूने विचारलं.

हरिश्चंद्राने दिला. पण दोन्हीकडचे सिस्टीम कॉल वेगळे, म्हणजे प्रोग्राम यंत्राकडे ज्या शब्दांत काम मागतो ते शब्दच वेगळे. आज फायलींच्या लांब नावांवर अडायचं, उद्या दुसरा प्रोग्राम सोबत चालवण्यावर. अडलं की केरूचा फोन. "काय हो हरिभाऊ, गाठोडं परत सुटलं बघा!" चुकीबद्दल थोडं बोलणं, मग बांगड्याचं कालवण, गुडघेदुखी, आणि लहर लागली तर एखादी गवळण. हल्ली त्याला दुसरं कडवं आठवत नसे. मग तो संगणकात बघून पुढचं म्हणायचा, आणि इकडे हरिश्चंद्र डोळे मिटून ऐकत राहायचा.

हळूहळू चुका सरल्या. एक उरली, आणि ती हरिश्चंद्राला पक्की ठाऊक होती. युनिक्स फाइल खरोखर संपेपर्यंत वाचतं. डॉसला मात्र मध्येच एक ठरावीक खूण दिसली की फाइल संपली असं वाटतं. 'शेवटपर्यंत वाच' असं बजावून सांगावं लागतं. एका अक्षराचं काम. त्याने ते केलं नाही. गाणी तुटकी दिसली की केरू फोन करेल, तेव्हा करू दुरुस्त, बिघडतंय कुठे! लबाडीच ती. पण एकट्या माणसाला असलं काहीबाही सुचतं खरं.

फोन येईना. आपण करावा, तर निमित्त काय सांगणार? शेवटी एका दुपारी वाजला.

"हरिभाऊ," केरूचा आवाज बसला होता, "गाठोडं एका दमात बांधलं गेलं. तुमचं काम, म्हणून उघडूनसुद्धा बघितलं नाही. संगणक भंगारात दिला. काल ओमकारने उघडलं, तर एकूण एक गाणं अर्ध्यावर तुटलेलं. आमच्या मशीननंच दगा दिला असणार. तुमची चूक कशी असेल?"

'मशीनच हो' म्हटलं असतं तर हरिश्चंद्र सुटला असता. पण जीभ रेटेना.

"केरूभाऊ, चूक माझी. मला ठाऊक होती. मुद्दाम ठेवली."

"मुद्दाम? कशापायी?"

"तुमचा फोन यावा म्हणून."



"अहो, फोन काय," केरू म्हणाला, "तो मी तसाही केला असता."

आणि त्याने फोन ठेवला.